शंभर ग्रॅमला अडतीस

“तेल तापलं नाही जी, मॅडम,” वच्छलाबाई म्हणाली.

समोर एकशेवीस मुली, बाजूच्या खुर्च्यांवर सहा प्राध्यापिका आणि पहिल्या रांगेत मधोमध आमच्या प्राचार्या, डॉ. कुमुदिनी पांढरीपांडे. एवढ्या सगळ्यांच्या देखत कँटीनवाली बाई मला तेलातलं शिकवत होती! मला, आहारशास्त्रात पहिल्या वर्गात एम.एस्सी. झालेलीला. माझ्या कानशिलापर्यंत राग चढला.

“थर्मामीटर एकशेऐंशी दाखवतोय, बाई,” मी म्हणाले. “तापल्याशिवाय दाखवेल का?”

“तो दाखवत असंल. पण तेल हलत नाही पाहा कढईत.”

मुली हसल्या. माझ्याकडे बघून हसल्या की तिच्याकडे, ते कळलं नाही. मी आपलं ठरवून टाकलं की तिलाच हसल्या, आणि तोलून ठेवलेला पिठाचा पहिला गोळा चमच्यानं तेलात सोडला. तो मुकाट्यानं तळाशी जाऊन बसला.

ही चौऱ्याऐंशी सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. विदर्भातल्या एका गावात मुलींचं गृहविज्ञान महाविद्यालय होतं. गावाचं नाव सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही. पुण्यात जागा मिळाली नाही म्हणून मी तिथे आले होते, तीही वर्षाच्या करारावर. सत्ताविसावं वर्ष, डोळ्यावर जाड फ्रेमचा चष्मा आणि अंगात मिजास एवढी की साडीच्या निऱ्यांत मावायची नाही. त्या गावातलं मला काहीच आवडत नसे. ऊन आवडत नसे, कुलरचं पाणी आवडत नसे, भज्यांना ‘भजे’ म्हणणारी माणसं आवडत नसत. आणि ती माणसं उठताबसता भजेच खात! पाहुणा आला, भजे. पाऊस आला, भजे. मुलगी बघायला आले, भजे. मुलगी नापसंत करून गेले, तरी उरलेले भजे. मी नाक मुरडून माझ्या खोलीत मूग उकडून खात असे आणि त्याचा मला फार अभिमान होता.

आता वयाची सत्तरी जवळ आली. प्राचार्यपदावरून निवृत्त झाले, आहारावर चार पुस्तकं लिहिली, आणि अजूनही लोक फोन करून विचारतात, ‘मॅडम, ते नवं हवेवर तळायचं यंत्र घेऊ का?’ घ्या, म्हणते. घ्या आणि मिरवा. माझा या लोकांवर राग आहे असं नाही. पण स्वतःच्या ताटात काय वाढायचं हे जे दुसऱ्याला विचारतात, त्यांच्याबद्दल आदर कसा वाटणार? आणि जे सांगतात त्यांच्याबद्दल तर त्याहून नाही. त्या सांगणाऱ्यांतली मी एक आहे, म्हणून बोलते.

तर, वच्छलाबाई ढोमणे. कॉलेजच्या शिपायाची विधवा. नवरा गेल्यावर संस्थेनं मोठ्या मनानं तिला मागच्या अंगणात पत्र्याची शेड दिली आणि म्हटलं, चालव कँटीन. अकरा वर्षं ती चालवत होती. तिथे चहा आणि भजे याखेरीज काही मिळत नसे. पावसाळ्यात तरोट्याचा कोवळा पाला, अंबाडी, शेवगा. थंडीत मेथी, पालक, घोळ. बेसनात मूठभर ज्वारीचं पीठ, ओवा, तिखट, मीठ. पीठ नुसतं पाला धरून ठेवण्यापुरतं. एकेका भज्यात पाला किती आणि पीठ किती हे मी त्या आधी कधी नीट पाहिलंही नव्हतं. भजं ते भजं, तेलकट, गावंढळ, बास.

तिच्यावर डोळा होता तो पांढरीपांडे मॅडमचा. डिसेंबरात विद्यापीठाची समिती कॉलेज तपासायला यायची होती. मॅडमना समितीपुढे ‘आदर्श उपाहारगृह’ मांडायचं होतं: पांढरे टेबलक्लॉथ, काचेचं कपाट आणि कपाटात नागपूरहून येणारे क्रीमरोल, पॅटिस, बिस्किटांचे पुडे. पत्र्याच्या शेडमध्ये कढई धडधडतेय आणि मुली द्रोणातून भजे खातायत हे दृश्य म्हणे गृहविज्ञानाला शोभत नाही. स्वतः मात्र रोज साडेतीनला दार लोटून घ्यायच्या आणि शिपाई वर्तमानपत्रात गुंडाळून एक द्रोण आत नेऊन द्यायचा. सगळ्या कॉलेजला माहीत होतं. बाहेर आल्या की रुमालानं ओठ टिपत विचारायच्या, “काय गं, मुलींची वजनं घेतलीस का?”

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सुहासिनी, पोषण सप्ताहात तुझं प्रात्यक्षिक ठेवते आहे. भज्यात तेल किती असतं ते मोजून दाखव. सगळ्यांसमोर.”

“मोजून झाल्यावर?”

“झाल्यावर काय, आकडा समितीपुढे ठेवायचा. वच्छलाबाईला नुसतं ‘जा’ म्हटलं तर गावात बोंब होईल. विधवा बाई, शिपायाची बायको, लोक लगेच गोळा होतात. आकड्याशी कोण भांडणार?” मग चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “तुझ्या जागेचंही नोव्हेंबरात बघायचंय ना. कायम व्हायचंय ना तुला?”

म्हणजे प्रात्यक्षिकावर दोन गोष्टी ठरणार होत्या. वच्छलाबाईचं कँटीन राहतं की जातं, आणि माझी नोकरी. मी बाहेर आले ती जवळजवळ उड्या मारत. मला वाटलं, विज्ञानाची सेवा आणि नोकरी दोन्ही एका कढईत तळून निघतायत.

तयारी मी मोठ्या शिस्तीनं केली. पाककृती पुस्तकातून घेतली, कारण प्रमाणित पाककृती असल्याशिवाय प्रयोग शास्त्रीय होत नाही. पुस्तकात चिमूटभर खाण्याचा सोडा सांगितला होता. वच्छलाबाईला प्रयोगशाळेत पाला चिरायला बोलावलं होतं, तिनं मला सोड्याची बाटली उघडताना पाहिलं.

“सोडा नाही घालत जी मी. सोड्यानं भजे तेल पेतात.”

“पुस्तकात आहे, बाई.”

“पुस्तकात असंल तं घाला,” ती म्हणाली, आणि पुन्हा खाली मान घालून चिरू लागली. पुस्तक म्हटल्यावर तिचा आवाज एकदम खाली यायचा. मला ते फार बरं वाटायचं.

तर त्या शुक्रवारी विजेची शेगडी, वर कढई, कढईत शेंगदाण्याचं तेल. गावात दुपारी वीज असली तरी नावालाच असे; शेगडीची तार जेमतेम तांबूस झाली होती. मी कढईत थर्मामीटर उभा केला, वीस-वीस ग्रॅमचे गोळे एकापाठोपाठ सोडले. छनछन नाही, बुडबुडे नाहीत. गोळे तळाशी बसले, कितीतरी वेळानं आळसावून वर आले. वच्छलाबाई पदर तोंडाला लावून बघत होती. एकदा तिचा हात झाऱ्याकडे गेला, पण मी बघितल्यावर तिनं तो मागे घेतला.

भजी काढली. आधी किती तेल होतं, नंतर किती उरलं, वजन केलं, भागाकार केला, आणि फळ्यावर खडूनं हातभर उंचीचा आकडा लिहिला. शंभर ग्रॅम भज्यांत अडतीस ग्रॅम तेल.

“पाहिलंत?” मी मुलींना म्हणाले. “तुम्ही भजी खात नाही. तुम्ही तेल पिता. तोंडी लावायला थोडा पाला घेता, इतकंच.”

काय हशा पिकला! पांढरीपांडे मॅडम टाळ्या वाजवत उठल्याच. मी मुलींना हृदय, रक्तवाहिन्या, यकृत असं एकेक सांगत गेले, तक्ता दाखवत गेले, आणि दर वाक्यागणिक मला स्वतःचं कौतुक वाटत गेलं. वच्छलाबाईनं ताटातलं एक भजं उचललं, मोडलं, बोटांत दाबलं. तेल ओघळून मनगटापर्यंत आलं. तिला अक्षरं वाचता येत नसत. शेजारच्या मुलीला तिनं विचारलं, “काय लिवलं गं फळ्यावर?”

“अडतीस, मावशी. शंभरातले अडतीस तेल.”

“मायबाई!” वच्छलाबाई म्हणाली, आणि हात पुसायचाही विसरली.

ती शेजारची मुलगी म्हणजे कौसल्या पेंदाम. दुसऱ्या वर्षाला होती, गडचिरोलीकडून शिष्यवृत्तीवर आलेली, हॉस्टेलला राहणारी. बोलायची कमी, पण बघायची फार. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“मॅडम, एक शंका आहे.”

“बोल लवकर.”

“तुम्ही गेल्या महिन्यात शिकवलं होतं, पाल्यातलं अ जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही.”

“मग?”

“मग आम्ही पाला तेलात खाल्ला तर वाईट कसं?”

वर्ग रिकामा होता हे माझं नशीब. “तेल लागतं म्हणजे तळणाचं लागत नाही,” मी खेकसले. “वरणाच्या फोडणीत असतं तेवढं पुरतं.”

“हॉस्टेलच्या वरणाला फोडणी नसते, मॅडम.”

ती उर्मटपणे म्हणाली असती तर मी तिला झापलं असतं. ती नुसती माहिती देत होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, “आणि मावशीचे भजे कागदावर ठेवले तर एवढा डाग पडत नाही. मी ठेवून पाहिले.”

“तू पाहिलेस! वा! मग आता तूच शिकव,” मी म्हणाले, आणि वह्या उचलून निघाले.

पण ते डोक्यातून जाईना. मुलींच्या वजनाचं रजिस्टर माझ्याच कपाटात होतं. हॉस्टेलच्या मुलींची वजनं मी स्वतः घेतली होती: छत्तीस, एकोणचाळीस, सदतीस, एक्केचाळीस. कौसल्या छत्तीस. एकेकीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली होती, पांढरीफटक. आणि त्या मुलींना मी रक्तवाहिन्यांत साठणाऱ्या चरबीवर पाऊण तास ऐकवलं होतं! ज्यांच्या अंगावर चिमटा घ्यायला मांस नाही त्यांना! इतका मूर्खपणा अडाणी माणसाला साधत नाही, त्याला पदवी लागते. पण तेव्हा मी असं म्हटलं नाही. तेव्हा मी म्हटलं, मुली अशक्त आहेत कारण भजी खातात.

तरी त्याच दिवशी, शनिवारी दुपारी, मी कॉलेजच्या मागून वळसा घालून शेडपाशी गेले.

“एक द्रोण द्या, बाई.”

वच्छलाबाई चपापली. “तुमाले?”

“तपासायला हवेत.”

“घ्या जी, घ्या. कितीबी घ्या.” तिनं पिठाचा एक थेंब कढईत टाकला, तो टाकताक्षणी नाचत वर आला, मग घाणा सोडला. अर्ध्या मिनिटात भजी फुलून वर. झाऱ्यावर घेऊन दोन झटके देऊन तेल झाडलं, चाळणीवर उपडी केली. मग द्रोण माझ्या हातात दिला. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

रविवारी कॉलेज बंद. शिपायाकडून किल्ली घेऊन मी सकाळी नवाला प्रयोगशाळा उघडली. भजी कुटली, वाळवली, तोलली, काचेच्या उपकरणात घालून ईथरनं त्यातली सगळी चरबी काढून घेतली. हा प्रयोग फसवत नाही. वेळ खातो, पण असेल तेवढं तेल बाहेर काढतो. लोकांसमोर हा का केला नाही? कारण यात टाळ्या पडत नाहीत. संध्याकाळी पाचला आकडा आला.

सतरा.

मी दुसरा नमुना लावलेलाच होता. तोही सतरा, किंचित कमीच.

मग मी शुक्रवारची कढई काढली, तेवढंच तेल ओतलं, थर्मामीटर तसाच उभा केला, आणि पाहिलं. पाऱ्याची गोळी कढईच्या तळाला टेकत होती. मी तळाचं तापमान वाचलं होतं. वर तेल कोमट. गोळी बुडाला टेकू द्यायची नाही हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवतो, आणि एखादी चुकली की तिच्या जर्नलवर लाल शेरा मारतो. त्यात वर सोडा. मी जी भजी तळली ती कोणाचीच नव्हती. पुस्तकाची नव्हती, वच्छलाबाईची तर नव्हतीच.

आता कोणाला वाटेल की मला लाज वाटली. नाही वाटली. मला राग आला, आणि तो वच्छलाबाईचा आला. तिनं बरोबर असावंच कसं? अंगठाबहाद्दर बाई, कढईकडे नुसतं बघून म्हणते तेल हलत नाही, आणि खरंच नसतं हलत! मी टेबलापाशी बसून राहिले. मनात वकिली सुरू झाली. सतरा म्हणजे तरी काही कमी नाही. तिचं तेल ती पुन्हा पुन्हा तापवत असेल. शेडमध्ये माश्या असतात. समितीला क्रीमरोलच हवेत, मी काय करणार? आणि त्या क्रीमरोलमध्ये वनस्पती तूप किती असतं हे मला पाठ होतं, तरीसुद्धा मी ही वकिली केली. फळ्यावरचा अडतीस अजून कोणी पुसला नव्हता. मी वहीत सतरा लिहिला, तारीख घातली, वही मिटली.

सोमवारी अकराला व्यवस्थापनाची बैठक. पांढरीपांडे मॅडम आणि संस्थेचे दोन गृहस्थ, एक सराफ, एक निवृत्त वकील. वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“आकडा पक्का आहे ना, बाई? उद्या कोणी विचारलं तर?”

तो क्षण माझ्या मालकीचा होता. कोणी धाक घातला नव्हता, कोणी हात पिरगाळला नव्हता. दारं उघडी, पंखा चालू, समोर चहा.

“पक्का आहे,” मी म्हणाले.

“शंभराला अडतीस! काय सांगता!” सराफ म्हणाले आणि पोटावरून हात फिरवला. “आमच्याकडे तर रोज होतात.”

“मग जपा,” पांढरीपांडे मॅडम गोड हसून म्हणाल्या. पाच मिनिटांत ठराव झाला. महिनाअखेर शेड रिकामी करायची. वच्छलाबाईला आत बोलावून मॅडमनीच सांगितलं, मी खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, ती छाती पिटेल, नवऱ्याचं नाव काढेल. तिनं फक्त विचारलं, “त्या आकड्यापाई?” मॅडम म्हणाल्या, “हो, आकड्यामुळे.” त्यावर ती “बरं” म्हणाली आणि गेली.

दुपारी दोनला मी प्रयोगशाळेत एकटीच होते. दाराशी चाहूल लागली.

“येऊ का जी, मॅडम?”

मी ताठ झाले. आली भांडायला. माझी सगळी उत्तरं तयार होती: व्यवस्थापनाचा निर्णय आहे, माझ्या हातात नाही, विज्ञान कोणाचं तोंड बघत नाही. “या,” मी म्हणाले.

ती आत आली, टेबलापासून चार हात दूर उभी राहिली.

“भांडाले नाही आली मी,” माझ्या मनातलं वाचल्यासारखी ती म्हणाली. “शेडचं जाऊ द्या. भावाकडे शेती हाय, निंदायले जाईन, पोट भरते कसंबी. येक इचारायचं होतं. तुमाले नाही इचारावं तं कोणाले इचारू?”

“विचारा.”

“अकरा वर्सं झाले, मी या पोरींले भजे चारते. मले वाटे, घरून लांब राह्यतात, हॉस्टेलचं पानचट खातात, जरा पाला-पाचोळा तं पोटात जाईल. कढईतलं तेल मले समजते असं वाटे. त्या दिवशी माह्याच बोटातून तेल गळलं, तवा कळलं, काहीच समजत नव्हतं मले.” तिनं पदरानं नाक पुसलं. “पोरींच्या जिवाले मी काय लावून ठेवलं असंल, मॅडम?”

भांडणारी बाई आली असती तर मी तिला दोन मिनिटांत गप्प केलं असतं. ही माझ्यावर विश्वास ठेवून बसली होती! मी चुकले असेन असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तेल तापलं नाही हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तोंडानं सांगितलं होतं, आणि तरीही माझ्या आकड्यापुढे तिनं आपले डोळे खोटे ठरवून टाकले होते. मला तिचा इतका तिटकारा कधी वाटला नव्हता. आज कळतं, तो तिचा नव्हता.

“हेच विचारायचं होतं?” मी म्हणाले.

“नाही जी. ते तं झालं गेलं. माही सून हाय ना, सातवा महिना लागला तिले. अन्न जात नाही बिचारीले. भाकर नको, वरण नको, दूध पाह्यलं का ओकते. येकच जाते. शेवग्याच्या पाल्याचे भजे. रोज सकाळी चार-पाच ताजे तळून देत होती मी. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणे, रक्त भरत चाललं पोरीचं, काय देता? मी सांगितलं नाही, हसतीन म्हणून.” ती एक पाऊल पुढे आली. “शुक्रवारपासून दिले नाहीत. पण ती भुकी राह्यते, मॅडम. काल संध्याकाळी रडली. मले खरं सांगा. भजे देऊ का नको? लेकराले काही होईल का?”

समोर टेबलावर वही पडली होती. तिला वाचता येत नव्हतं, दाखवायचीही गरज नव्हती. ‘द्या’ एवढं म्हणायचं होतं. बैठकीतलं बैठकीत, हे फक्त तिच्या आणि माझ्यात. कोणाला कळणार होतं?

पण ‘द्या’ म्हटलं की ती विचारणार, मग कँटीन का काढलं? तिनं विचारलं नसतं कदाचित. पण मला तो प्रश्न ऐकू आला, आणि त्या पाठोपाठ पांढरीपांडे मॅडमचा आवाज, नोव्हेंबर, माझी जागा. इतक्याशा भीतीपायी मी तोंड उघडलं.

“बंद करा,” मी म्हणाले.

“सारेच?”

“सगळेच. पाला उकडून द्या.”

“उकडलेला नाही जात जी तिले. उलटी होते.”

“सवय होईल.”

तिनं मान हलवली. पाठ करत असल्यासारखी पुटपुटली, “उकडून द्याचा. तेल नाही.” तिच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली, खरंच उतरली. एवढी शिकलेली बाई ठाम बोलली म्हटल्यावर तिला सुटल्यासारखं झालं.

“बरं झालं तुमाले इचारलं,” ती म्हणाली. “नाही तं माह्या हातून पाप झालं असतं.”

आणि टेबलाला वळसा घालून ती माझ्या जवळ आली. माझ्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठीच असेल. पदर सावरून ती खाली वाकली आणि तिनं माझ्या दोन्ही पायांना हात लावून तो कपाळाला लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.